जोतीराम साळोख्यांची चौथी गिटार

सकाळी साडेनऊला जोतीराम साळोख्यांनी गिटार पलंगावर आडवी ठेवली, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकली. उद्यमनगरात लेथवर बत्तीस वर्षं काढलेला माणूस. सळई सरळ आहे की नाही, हे ते असंच बघत आले होते. मान वाकली होती. जानेवारीच्या थंडीत ती दरवर्षी वाकायची. त्यांनी किल्ली घेऊन मानेच्या आत बसवलेल्या लोखंडी सळईला पाव फेरा दिला, पुन्हा बघितलं, अजून थोडा दिला आणि थांबले. स्वस्तातल्या गिटारीची सळई जास्त पिळली की तुटते. आधीची एक त्यांनी तशीच घालवली होती.

"झाली का सरळ?" शालनताईंनी दारातून विचारलं.

"जेवढी व्हायची तेवढी झाली."

"तुमच्या खांद्यालाबी द्या की एक फेरा. रात्रभर कण्हत हुता."

जोतीरामांनी किल्ली पिशवीत टाकली. खांदा दुखत होता हे खरं. बेस गिटार साध्या गिटारीपेक्षा लांब आणि जड असते. त्यात ही तर नुसत्या प्लायवूडची, वर काळा रंग फासलेली. तीन-तीन तास गळ्यात अडकवायची म्हणजे पोत्याची हमाली. पण आज खांद्याचं बोलायची सोय नव्हती. आज कुरुंदवाडला कार्यक्रम होता आणि त्या कार्यक्रमावर जोतीरामांचं ऑर्केस्ट्रातलं राहणं-जाणं ठरणार होतं.

तसं ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या विश्वजितनं आदल्या दिवशी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "मामा, राग मानू नका. कीबोर्डवाल्या आदर्शनं सगळ्या गाण्यांचा बेस लॅपटॉपवर भरून ठेवलाय. बटण दाबलं की वाजतंय. आन् माणसं सहा झाली तर एका गाडीत बसत्यात. सातव्यापायी किती दीस वडातान करायची?"

"मी टेम्पोत बसतोय की सामानाबरोबर."

"त्ये हाय. पण तुमचा त्यो गिटारीचा खोका. परवा इचलकरंजीत कसा खरखरत हुता. लोकं हसत्यात मामा. उद्याचा कुरुंदवाडचा बघतो, मग काय ते सांगतो."

काढलं जाणं त्यांना नवीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात संगणकावर चालणारं मशीन आलं. मालकांनी नारळ दिला, शाल दिली, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या लेथवर पोत्याचा कपडा पडला. मालकांची त्यात चूक नव्हती. पण 'पुरे आता' हा शब्द आपण म्हणायचा राहून गेला, दुसऱ्यानं म्हटला, ही गोष्ट त्यांना लागली होती. ऑर्केस्ट्रा सोडायचा विचार त्यांच्या मनात हल्ली दर कार्यक्रमाला यायचा. गुडघे बोलत होते, रात्री त्या खांद्यावर कूस घेता येत नव्हती. सोडायचा तर होताच. फक्त या वेळी तो शब्द त्यांना स्वतः म्हणायचा होता.

ऑर्केस्ट्रात ते आले ते योगायोगानं. विश्वजितचे वडील हंबीरराव यांनी शिवाजी पेठेत 'स्वरपंचगंगा' काढला होता. त्यांच्या कीबोर्डच्या स्टँडचा पाय मोडला, तो सांधायला म्हणून जोतीराम लेथवरून थेट तालमीच्या खोलीवर गेले. बेस वाजवणारा गडी त्याच आठवड्यात पुण्याला निघून गेला होता. हंबीररावांनी विचारलं, "लेझमीला हलगीवर ठेका धरतोस न्हवं तू? मग ह्या चार तारा धरून बघ." जोतीरामांनी धरल्या. त्याला आता तेहतीस वर्षं झाली.

तेवढ्या काळात चार गिटारी झाल्या, चारही स्वस्तातल्या. पहिली जुन्यात घेतलेली. तिची मान मिरजेच्या एका सतारवाल्याकडून शेकून सरळ करून आणली होती. दुसरी जोतिबाच्या घाटात टेम्पोतून घसरून पडली. तिसरीची सळई त्यांनी स्वतःच तोडली. ही चौथी. मध्ये एक वर्ष हंबीररावांनी हौसेनं एक महागडी गिटार आणली होती. आवाज कसा, तर लोण्यासारखा. पण जोतीरामांचा सगळा जीव ती सांभाळण्यात जायचा. हळदीच्या कार्यक्रमात पोरं अंगावर येऊन नाचणार, कुणी पाणी उडवणार, कुणी हळद. हे गिटारीवर पालथे पडल्यासारखे वाजवायचे. वर्षभरानं ती विकून टाकली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

स्वस्त गिटारीचं एक बरं असतं: तिच्या खोडी पाठ होतात. या चौथीच्या मानेवरचे पितळी पडदे, म्हणजे घरं पाडणाऱ्या आडव्या पट्ट्या, कडेला हाताला कापायचे. ते त्यांनी गुजरीतल्या एका सोनाराच्या बारीक कानशीनं घासून घेतले. मागचा पट्टा चपला शिवणाऱ्याकडून दुहेरी चामड्याचा करून घेतला. जाड तारेवर चौथ्या घरात बोट ठेवलं की तार खरखरायची. परवा इचलकरंजीत खरखरली ती तिथंच. खूप खटपट करूनही ती खोड गेली नव्हती. म्हणून ते त्या घरात जातच नसत. तोच सूर वरच्या सप्तकात दुसऱ्या तारेवर, बरंच पुढं, गिटारीच्या पोटाजवळ मिळतो. तिथं तारा पट्टीपासून उंच असतात, दाबायला जोर लागतो. इचलकरंजीत बोटं थकली होती, म्हणून ते जवळच्या घरात गेले आणि फसले.

दुपारी एकला टेम्पो कुरुंदवाडला पोचला. वाटेत शिरोळपासून उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. जोतीराम ड्रायव्हरशेजारी गिटार दोन्ही गुडघ्यांत धरून डुलक्या घेत आले. एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात मंडळानं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. बायकांचे खेळ, मध्ये मध्ये गाणी, शेवटी जिंकणारीला पैठणी. गाडी आधीच येऊन थांबली होती. विश्वजित माईक तपासत होता. गाणं आणि निवेदन दोन्ही तोच करायचा. आदर्श कीबोर्डच्या वायरी जोडत होता. मोना, ऑर्केस्ट्राची गायिका, खुर्चीवर पाय वर घेऊन तिळाची वडी खात होती.

"आलं का मामा," ती म्हणाली. "वडी घ्या. बया, किती वाळलाय. ती गिटार तुमाला वाजिवती का तुमी तिला?"

"आज बघूया कोण कुणाला," जोतीराम म्हणाले.

"दादा काय बोलला मला म्हाईत हाय. मला न्हाय पटलं. तुमी शेजारी नसला तर मला स्टेजच्या फळीतनं ठेका लागत न्हाय पायाला."

"त्येला सांगितलंस का असं?"

"सांगितलं की. म्हणतोय, बूट काढून गा, लागंल."

आदर्श हसला, मग जोतीरामांकडं बघून त्यानं हसू आवरलं. पोरगं वाईट नव्हतं. सव्वीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, हाताला गोडवा असलेला. लॅपटॉपवर बेस भरायचं काम त्यानं विश्वजितच्या सांगण्यावरून केलं होतं, आणि तेव्हापासून तो जोतीरामांच्या नजरेला नजर देत नव्हता.

दोनला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलेलं, बायका नटून आलेल्या, पोरं पुढं वाळूत. ऊन पश्चिमेकडं कललं तसं सरळ स्टेजवर आलं. गिटारीची काळी फळी तापली. तापली की तारा सैल पडतात, म्हणून दर दोन गाण्यांनंतर जोतीराम कान लावून खुंट्या पिळत होते. विश्वजित तिरक्या नजरेनं ते बघत होता, हे त्यांच्या लक्षात येत होतं. दोन तास सगळं सुरळीत चाललं. सुईत दोरा ओवायचा खेळ झाला, फुगे फोडायचा झाला, उखाणे झाले. जोतीराम चौथ्या घराला एकदाही शिवले नाहीत. बोटांच्या टोकाला आग होत होती, कमरेत कळ येत होती आणि घड्याळ पुढं सरकत नव्हतं.

ऑर्केस्ट्रात कोणतं गाणं कोणत्या पट्टीत, हे बोलून सांगत नाहीत. तेवढा वेळ नसतो. गाणारा बोटं दाखवतो. बोटं वर म्हणजे पांढरी, खाली म्हणजे काळी. शेवटच्या खेळाआधी विश्वजितनं नाचाचं गाणं घेतलं आणि एक बोट खाली केलं: काळी एक. कीबोर्डवाल्याला काळ्या पट्ट्यांवरून पळणं अवघड जातं, म्हणून आदर्श अशा वेळी एक बटण दाबायचा. त्या बटणानं सगळा कीबोर्ड अर्धा सूर वर सरकतो. वाजवणाऱ्याची बोटं ओळखीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच राहतात. गिटारीला तसलं बटण नाही. तिथं हातच सरकवावा लागतो.

नाचाचं गाणं संपलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि विश्वजितनं लगेच पैठणीची घोषणा केली. पैठणी देताना मोनाचं संथ गाणं ठरलेलं. तिनं पाच बोटं वर केली. पांढरी पाच. आदर्शनं सुरुवातीचे सूर धरले, चौथ्या ठोक्याला जोतीराम आत आले आणि सगळं भेसूर झालं.

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तोंड वाकडं केलं. विश्वजितची मान झटकन वळली. जोतीरामांचा स्वतःचाही पहिला संशय गिटारीवरच गेला: उन्हानं उतरली. त्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी एक खुंटी थोडी पिळलीसुद्धा. पण पुढचा सूर दुसऱ्या तारेवर होता, तोही तेवढाच खोटा. त्यानंतरचा तिसऱ्या तारेवर, तोही. एक तार उतरली तर एक सूर खोटा लागतो. चारही तारा मापून सारख्याच कशा उतरतील? लेथवर एका कामात फरक आला तर हत्यार झिजलेलं असतं. सगळ्याच कामांत तेवढाच फरक आला तर खालची बैठक सरकलेली असते. सरकलेली बैठक आपली नाही. ते बटण तसंच राहिलंय.

आता मोनाचं तोंड उघडायला दोन ओळींचं अंतर होतं. ती सूर कीबोर्डवरून घेणार, म्हणजे ती अर्धा सूर वर गाणार. आदर्शला हाक मारायची तर मैदानभर ऐकू जाईल. मध्येच बटण काढलं तर गाणं तोंडावर आपटेल. तिकडून विश्वजित हात आडवा हलवून खूण करत होता: थांबवा, वाजवू नका.

जोतीराम थांबले नाहीत. त्यांनी पिळलेली खुंटी तेवढीच उलटी फिरवली आणि हात अर्धा सूर वर नेला. तिथं गाण्याचा मुख्य सूर नेमका त्याच खरखरत्या चौथ्या घरात येत होता. ते त्या घरात गेले नाहीत. बोट न दाबता वाजणाऱ्या मोकळ्या तारा आता कामाच्या नव्हत्या. एकेक सूर दाबून काढायचा होता, तोही गिटारीच्या पोटाजवळ, जिथं तारा सगळ्यांत उंच. त्यांनी दात आवळले आणि दाबत गेले. मोना गायला लागली तेव्हा बेस तिच्या पायाखाली नीट बसलेला होता. अंतऱ्यात ती ताणली गेली, एकदा तिनं चमकून आदर्शकडं पाहिलंही, पण गाणं कुठं मोडलं नाही. पैठणी मिळालेली बाई रडत होती आणि मैदान टाळ्या वाजवत होतं. जोतीरामांच्या करंगळीला पेटका आला होता.

हंबीररावांचा एक नियम होता. वाद्यं पिशवीत जाईपर्यंत कुणी कुणाची चूक काढायची नाही. स्टेजवर चिडलेला माणूस वायर ओढतो, वायर ओढली की काहीतरी पडतं. म्हणून आधी पिशव्या, मग भांडण. विश्वजित त्या नियमातच वाढला होता. तरी पडदा पाडल्याबरोबर तो मागच्या बाजूला आला.

"मामा, काय म्हणायचं आता? पैठणीच्याच येळंला? मंडळाचं अध्यक्ष माझ्या तोंडाकडं बघाय लागलं."

जोतीराम वायर गुंडाळत होते. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकेक वेढा.

"म्हणून मी म्हणत हुतो. हात चांगला हाय तुमचा, मी न्हाय म्हणत न्हाय. पण ह्यो खोका उन्हात उतरणारच की. मी हात करून थांबा म्हणालो, तर तुमी वाजिवतच ऱ्हायला."

"पिशवी भरू दे मला," जोतीराम म्हणाले.

त्यांना बोलायचं नव्हतं असं नाही. पण ज्याला काढायचंच ठरलंय तो म्हणणार, चूक माझी नाही, शेजारच्याची. ऐकणारा ते कशाला खरं मानेल? आणि आपण त्या पोराचं नाव घेऊन आपली जागा राखायची, हेही त्यांच्या जिवावर आलं. एवढं दमल्यावर माणसाला भांडण म्हणजे अजून एक ओझं वाटतं. त्यांनी गिटार पिशवीत घातली. चेन अर्ध्यात अडकली, ती त्यांनी मागं घेऊन पुन्हा ओढली.

आदर्श अजून कीबोर्डपुढं उभा होता. सगळ्यांच्या वायरी निघाल्या, याची एकही नाही. कीबोर्डच्या लहानशा काचेवरचा आकडा तो बघत होता. मग तो तसाच इकडं आला.

"दादा, बटण माझं ऱ्हायलं हुतं."

"कसलं बटण?"

"तुमच्या गाण्याला काळी एकला वर घेतलं हुतं. खाली घ्यायचं ईसरलो. मोनादीदीचं गाणं मी अर्धा सूर वर वाजिवलं. मामा बरोबर हुतं."

"तरीच," मोना म्हणाली. "तरीच मी एवढा वर चढलो. म्या म्हटलं वडी घशात बसली."

विश्वजितनं दोघांकडं बघितलं. "आन् मग पुढं सगळं जुळलं कसं?"

"मामा आलं की माझ्या मागनं. दोन ओळींत. मला त्ये बी कळलं न्हाय, गाणं संपल्यावर काचेवर बघितलं तवा कळलं."

मंडपवाल्यांनी खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली होती. विश्वजितनं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"आन् बेस लॅपटॉपवर आसता तर?"

आदर्श खाली बघत म्हणाला, "लॅपटॉप हुता तिथंच वाजत बसला आसता. मी वर, त्यो खाली. गाणं मोडूनच पडलं आसतं."

विश्वजित वडिलांसारखाच होता. चूक झाली हे त्याच्या तोंडातून कधी निघायचं नाही, गाडीच्या वेळेतून निघायचं. तो रुमाल घडी घालून परत ठेवत म्हणाला, "बावीसला पन्हाळ्यावर लगीन हाय, मामा. गाडी सकाळी सातला. टेम्पोत नका बसू. मोना, तू जरा सरकून बसत जा."

"मी सरकतोच. तूच पाय पसरून बसतोस," मोना म्हणाली.

"तेवढी खरखर काढून आणा मात्र," विश्वजित जोतीरामांना म्हणाला.

"बघतो," जोतीराम म्हणाले. "येतो मी बावीसला."

आदर्शनं त्यांची पिशवी उचलून टेम्पोत ठेवली. 'मामा, माफ करा' वगैरे काहीतरी तो पुटपुटला. जोतीरामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लाव. बोटाला लागला की ध्यानात येतंय." मग ते ड्रायव्हरशेजारी चढले. चढताना गुडघ्यानं पुन्हा आवाज केला.

परतीच्या वाटेवर त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते वाट बघत होते. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं. जागा राहिली होती. खोका खोटा नाही, हे चार माणसांत सिद्ध झालं होतं. पण मनात एवढंच येत होतं की बावीस तारीख म्हणजे आठच दिवस, आणि पन्हाळ्याची सकाळची थंडी गिटारीच्या मानेला आणि आपल्या खांद्याला सारखीच बाधणार.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. शालनताईंनी तोंडाकडं बघून आधी पाणी दिलं, मग विचारलं, "काढलं का ठेवलं?"

"ठेवलं."

"मग तोंड असं का केलंय?"

"दमलोय."

त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणून नवऱ्याच्या खांद्यावर ठेवली आणि शेजारी बसल्या. जोतीरामांनी झालेलं सगळं थोडक्यात सांगितलं. बटणाचं त्यांना फारसं कळलं नाही, पण विश्वजितला शेवटी गप्प बसावं लागलं एवढं कळलं आणि तेवढ्यानं त्या खूश झाल्या.

"बरं झालं. आता असं करा," त्या म्हणाल्या, "पाडव्यापत्तूर वाजवा आन् तुमीच सांगून टाका, हितनं पुढं न्हाय म्हणून. आता सांगितलं तर कोण म्हणणार न्हाय, काढलं म्हणून."

जोतीराम डोळे मिटून बसले होते. पिशवीची ऊब हळूहळू हाडात उतरत होती.

"पाडव्यापत्तूर धा कार्यक्रम हायत," ते म्हणाले.

"मग?"

"व्हय. धा करतो. मग सांगतो. मीच सांगतो." थोड्या वेळानं ते म्हणाले, "करंगळीला जरा तेल लाव."